मणी मोजले, दोरा फेकला

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक घोळ घातला. प्रबंधात तो कुणाला दिसणार नाही, कारण तिथे त्याचं एकच सभ्य वाक्य होईल: 'नमुने विश्लेषणापूर्वी स्वच्छ करण्यात आले.' संशोधनाकडे वळणाऱ्यांनी अशी वाक्यं जरा थांबून वाचावीत, म्हणून हा लेख. काचमण्यांवरची जी पुस्तकं मी वाचली त्यांच्याबद्दलची माझी एक तक्रारही यात आहे. ती मला त्या घोळामुळेच सुचली.

मी कळंबची. यवतमाळहून नागपूरकडे जाताना चिंतामणीचं देऊळ लागतं, तेच कळंब. एमएस्सी भौतिकशास्त्रात केलं आणि आता जुन्या काचेच्या रासायनिक घडणीवर काम करते. नमुन्यांसाठी मण्यांच्या शोधात होते, तेव्हा शहरातल्या एका विक्रेत्याकडे एक बरणी मिळाली. टेक्स्टाइल आर्ट करणारे लोक त्याच्याकडून माल नेतात. कापडावर शिल्पासारखं काम उभं करायचं तर सपाट टिकल्या पुरत नाहीत, उठावाचे, हाताने घडवलेले मणी लागतात, आणि जुने असले तर भाव जास्त. बरणीवर चिठ्ठी होती: 'हँडमेड ट्रायबल बीड्स, विदर्भ'. आत 214 मणी. बरेचसे ज्वारीच्या दाण्याहून बारीक, पण 23 मोठे आणि घडीव. काहींना खरबुजासारख्या फाका, काहींच्या अंगावर वेगळ्या रंगाच्या काचेचे उठावदार ठिपके, दोन चपटे पानासारखे, आणि एक चक्क मासा, शेपूट तुटलेला.

मी ते घरी आणले, कोमट पाण्यात वॉशिंग पावडर घालून रात्रभर भिजवले, सकाळी प्रयोगशाळेत अल्ट्रासॉनिक बाथमध्ये पंधरा मिनिटं ठेवले. पाणी तपकिरी झालं, भोकांमधून बारीक बारीक कचरा बाहेर आला, तो मी सिंकमध्ये ओतला. मणी मस्त चमकायला लागले. फोटोही काढले.

तो कचरा म्हणजे दोरा होता. हे मला कळलं चार महिन्यांनी, जेव्हा सात मण्यांच्या भोकात अडकून राहिलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. म्हणजे हे मणी माळेतून सुटलेले नव्हते, कापडावरून कापलेले होते. आता निदान तो दोरा कधीचा ते बघू म्हणून अतिनील दिव्याखाली धरला, तर निळापांढरा लख्ख उजळला. अशी चमक देणारी रसायनं विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या सूत-कापडात सर्रास सापडतात, म्हणजे दोरा अलीकडचा? नाही. तीच रसायनं वॉशिंग पावडरमध्ये असतात, आणि सुती तंतू ती आनंदाने शोषून घेतात. दोरा जुना असो की नवा, आता तो उजळणारच होता. पुरावा मी स्वतः धुतला होता.

मार्गदर्शकांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, "मण्याआधी दोरा बघायचा, हे तू कुठे वाचलं होतंस का?" मी म्हटलं, नाही. मग मी पुन्हा वाचायला बसले. खरंच कुठे लिहिलेलं नाही का, हे बघायला.

मण्यांच्या अभ्यासाचं व्याकरण म्हणावं असा निबंध होरेस बेक यांनी 1928 साली छापला. आकार, भोक, रंग, द्रव्य आणि नक्षी या पाच गोष्टी सांगितल्याशिवाय मण्याचं वर्णन पूर्ण होत नाही, असं त्यांनी ठरवून दिलं. लांबी व्यासाच्या एकतृतीयांशाहून कमी असली तर चकती, त्याहून जास्त पण व्यासापेक्षा कमी असली तर आखूड, लांबी-व्यास जवळपास सारखे असले तर प्रमाणित, त्यापुढे लांब. ही भाषा आजही उत्खननाच्या अहवालांत चालते. बेकचं मला कौतुक वाटतं ते यासाठी की त्यांनी भोकाला पाचातली एक जागा दिली. पण त्यांचं भोक हे पाडलेलं भोक आहे. एका बाजूने पाडलं की दोन्ही बाजूंनी, सरळ आहे की निमुळतं. दगडाच्या मण्यासाठी हे सगळं मोलाचं, कारण दगड कोरावा लागतो. भोक पाडून झाल्यावर त्यातून पुढे काय गेलं, हा प्रश्न तिथे येत नाही.

आपल्याकडे मोरेश्वर गंगाधर दीक्षितांचं 'हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास' मुंबई विद्यापीठाने 1969 साली काढलं. दीक्षित हे मण्यांचे जुने अभ्यासक. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचं 1945-46 चं उत्खनन त्यांनी सांकलियांबरोबर केलं होतं. साहित्यातले उल्लेख आणि जमिनीखालून निघालेली काच, दोन्ही एका हातात धरण्याची त्यांची ताकद पुढच्या फार कमी लोकांकडे दिसते. पण उत्खननातला मणी सुटा असतो. सूत मातीत कुजतं, काच उरते. विदर्भाचंच घ्या. पवनारचं उत्खनन 1967 चं, नागपूरजवळच्या माहुरझरीचं 1970 ते 72 चं. माहुरझरी तर अकीक-कार्नेलियनचे मणी बनवणाऱ्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. या अहवालांना मी दोष देणार नाही. जे उरलंच नाही ते लिहिणार कसं? माझी तक्रार आहे ती हीच सवय आपण आजच्या मण्यांना लावतो याबद्दल. समोर दोरा असतो, कापड असतं, मणी ओवणारी बाई समोर बसलेली असते, आणि आपण मणी असा लिहितो की जणू तो आत्ताच खड्ड्यातून निघाला.

आलोक कुमार कानुंगोंचं 2004 चं पुस्तक वाचताना मला वाटलं, इथे तरी सापडेल. पुरातत्त्वातले मणी समजून घ्यायचे तर आज मणी करणारे कसे करतात ते जाऊन बघा, असा त्यांचा मार्ग. आंध्रातल्या पापनायडुपेटात भट्टीतून काचेचा मोठा गोळा पोकळ लोखंडी नळीवर घेऊन त्यातून लांबच लांब बारीक नळी ओढतात, तिचे तुकडे पाडतात आणि ते राखेबरोबर पुन्हा तापवून कडा गोल करतात. उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरात वितळलेली काच सळईवर गुंडाळून एकेक मणी घडवतात. बनारसला ज्योतीवर काच वितळवून मणी करतात, ज्यांना आता भौगोलिक मानांकनही आहे. माझ्या बरणीतल्या ठिपक्यांच्या मण्यांचं आणि माशाचं तंत्र हेच. हे पुस्तक मी दोनदा वाचलं, आणि मण्यांवर काम करू बघणाऱ्याला सगळ्यात आधी हेच हातात देईन. त्यातला कारागीर खरा आहे, घाम येणारा. पण मणी तयार होऊन पोत्यात भरला की गोष्ट संपते. पीटर फ्रान्सिस यांचं आशियाच्या सागरी मणी-व्यापारावरचं 2002 चं पुस्तक ते पोतं उचलून जहाजात घालतं आणि पार आग्नेय आशियापर्यंत नेतं. बंदरावर माल उतरला की तेही थांबतं.

पोत्यावरून आठवलं. आपल्याकडे 'पोत' हा शब्द दोन्हीकडे आहे. ती पोत म्हणजे मण्यांची, काळी पोत, मंगळसूत्राची. आणि तो पोत म्हणजे कापडाचा. शब्दांचं मूळ एक आहे की नाही यात मी पडत नाही, तो माझा विषय नव्हे. पण ज्या भाषेत मणी आणि कापड एका शब्दात शेजारी नांदतात, त्या भाषेत वाढलेल्या मला दोन्ही एकत्र बघायला चार महिने लागले.

आता कापडाच्या बाजूने या. यवतमाळ, वाशिम भागात बंजारा तांड्यांवरचं भरतकाम बघितलं नाही असा माणूस नाही. फेटिया, कांचळी, छाटिया. आरसे, कवड्या, नाणी, गोंडे, मणी. या कामावर शार्लट क्वॉन आणि टिम मॅकलॉक्लिन यांचं इंग्रजी पुस्तक 2016 साली आलं. फोटो बघत राहावेत असे आहेत आणि टाक्याकडे बघण्याची दृष्टी पक्की आहे. पण मणी बघायला गेलं की कापडाच्या अभ्यासात बहुतेक ठिकाणी एक स्वल्पविराम भेटतो: 'आरसे, कवड्या, मणी यांनी सजवलेले'. संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांवरही तेच. टाक्याला नाव आहे, मण्याला नाही. मणी कुठल्या तंत्राचा, काचेचा की प्लास्टिकचा, एका वेळी घातलेला की मागून भरलेला, हे विचारायला तिथे कुणाला उसंत नसते. मणीवाले वेजापाशी थांबतात आणि कापडवाले टाक्यापाशी. (वेज म्हणजे मण्याचं, मोत्याचं भोक. पटवेकऱ्यांचा शब्द. व्हेज नव्हे.)

थांबायची ती जागाच नव्हे. सगळी माहिती त्या वेजातच साठलेली असते. कशी, ते थोडं सविस्तर सांगते, कारण हा भाग मला कुणी सांगितला असता तर माझे चार महिने वाचले असते.

आधी मणी कसा केला ते. दहापट भिंग घ्या आणि काचेतले बुडबुडे बघा. नळी ओढून केलेल्या मण्यात बुडबुडे आणि रेघा भोकाच्या दिशेने लांबलेल्या असतात. सळईवर गुंडाळलेल्यात त्या भोकाभोवती फिरतात. साच्यात दाबलेल्याला बहुधा कुठेतरी जोडाची रेघ असते. गुंडाळलेल्या मण्याचं भोक बरेचदा एका टोकाला किंचित निमुळतं असतं, कारण सळई निमुळती, आणि मणी सळईला चिकटू नये म्हणून लावलेल्या मातीचा किंवा राखेचा थर आत उरतो. तो खरखरीत थर तंतू धरून ठेवतो. माझ्या सातही मण्यांत दोरा याच थराला चिकटून वाचला होता. ओढलेल्या मण्याची भानगड वेगळी. तुकडा पाडताना कड धारदार होते आणि पुन्हा तापवताना ती नीट गोल झाली नाही, तर तीच कड पुढे दोरा करवतते. शिवणाऱ्या बायका दोऱ्याला मेण का लावतात, दोनदा का ओवतात, याचं उत्तर भट्टीत आहे.

मग मणी कसा वापरला ते. काच सुतापेक्षा कितीतरी कठीण, तरी झिजते, कारण दोऱ्यावर धूळ बसते आणि धुळीत क्वार्ट्झ असतो. मोहस्च्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ 7, आपली साधी काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे धुळकट दोरा ही एक फार हळू चालणारी कानस आहे. माळेतला मणी शेजारच्या मण्यावर घासतो, त्याची टोकं सपाट होतात. कापडावर आडवा शिवलेला मणी दोन्ही टोकांना एकाच अंगाने, म्हणजे कापडाकडच्या बाजूने झिजतो, कारण दोरा तिथूनच खाली वळतो. गोंड्याच्या टोकाला लटकणारा मणी वरच्या कडेला झिजतो. माझे 23 घडीव मणी मी या नजरेने पुन्हा बघितले तेव्हा 17 लटकणारे निघाले, 4 शिवलेले, आणि दोघांबद्दल मी काहीच सांगू शकत नाही. मासा लटकत होता, तोंड खाली. एवढ्याशा संख्येवर सिद्धांत मांडायचा नसतो, पण नोंद ठेवायची असते.

शेवटी दोरा. सुती तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, पॉलिएस्टर गुळगुळीत आणि सगळीकडे सारख्या जाडीचा. पीळ कुठल्या दिशेचा, किती पदरी, रंग धाग्यात मुरलेला की वरवर. मण्याचं वय आणि कापडाचं वय यांची गाठ इथेच पडते. आणि मी हाच भाग सिंकमध्ये ओतला होता.

उलट ज्या यंत्राच्या भरवशावर मी निघाले होते, त्याने काय दिलं? हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राला हवेत सोडियमसारखी हलकी मूलद्रव्यं धड दिसत नाहीत, आणि काच म्हणजे निम्मा सोड्याचाच कारभार. प्राचीन भारतीय काचेत ॲल्युमिना जास्त सापडतो, तो खनिज सोडा आणि अशुद्ध वाळूमुळे. त्या काचेची ओळख पटवायला रसायन फार कामाचं. पण अलीकडचे मणी कारखान्यातल्या किंवा भंगारातल्या काचेपासून घडतात. 23 पैकी 21 मणी साध्या सोडा-चुना काचेचे निघाले. बांगडीही तीच, बाटलीही तीच. यंत्र खोटं नाही, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

दोरा कापडाचा म्हटल्यावर कापड शोधणं आलं. विक्रेत्याने, बराच वेळ घेऊन, माल कुठल्या बाजूचा ते सांगितलं, आणि माझ्या मामाच्या ओळखीने मी एका तांड्यावर पोचले. ज्या मावशींनी दिलं होतं त्या घरीच होत्या. मी बरणी पुढे केली. त्यांनी मासा उचलला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "मी मणी नाही विकले पोरी. मी कांचळी विकली होती." त्या फार काही रागात वगैरे नव्हत्या. मलाच बसल्या जागी लाज वाटली.

कापड घेणाऱ्याने अख्खं घेतलं, आरसे वेगळे, नाणी वेगळी, मणी वेगळे केले आणि प्रत्येकाचा स्वतंत्र भाव लावला. उरलेलं कापड कुठे गेलं कुणास ठाऊक. जुन्या मण्यांनी नवं शिल्प उभं करणाऱ्या कलावंतांपैकी अनेकांचं काम मला मनापासून आवडतं. पण प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर 'पारंपरिक हस्तनिर्मित काचमणी' असं लिहिताना तो मणी मिळवण्यासाठी दुसरं एक पूर्ण झालेलं वस्त्रशिल्प उसवलं गेलं, हे लिहायची हिंमत हवी. बनारस किंवा पुर्दिलनगरचा नवा मणी घेतला तर कारागिराला काम मिळतं. जुना घेतला तर बहुधा कुणाची तरी कांचळी सुटते. हा फरक सौंदर्याचा नाही, हिशोबाचा आहे, आणि तो लपवलेल्या कामाची समीक्षा करताना मी तरी गुण कापीन.

इथे लेख संपवता आला असता. विक्रेते वाईट, कापड पवित्र. पण मावशींनी पुढे जे सांगितलं त्याने माझी ही बाजूही डळमळली. ती कांचळी त्यांच्या सासूची. तिच्यावरचे मोठे मणी त्याआधीच्या कुठल्यातरी फाटक्या फेटियाचे. दोनेक मणी तर बैलाच्या माळेतले, पोळ्याच्या बाजारात घेतलेले. म्हणजे उसवणं आणि पुन्हा लावणं हे काम बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. मग विक्रेत्याने वेगळं काय केलं? बराच विचार करून मी एवढ्यावर आले: त्यांनी उसवलं तेव्हा मणी पुन्हा कापडावर गेला, आणि कुठला कुठे गेला हे लावणारीला माहीत होतं. बरणीत ते माहीत असणारं कुणी नाही. पण हेही कबूल करायला हवं की 'मूळ कापड' असं काही धरून मी चालले होते, ते नव्हतंच. मण्याच्या वयावरून कापडाचं वय काढणाऱ्या प्रत्येक वाक्यावर मी आता पेन्सिलने खूण करते. माझ्या स्वतःच्या आराखड्यात अशी तीन वाक्यं निघाली.

तर तुमच्या हातात असे मणी आले, तर धुऊ नका. कोरडे ठेवा. आधी जसे आले तसे फोटो, गाठीसकट, गुंतलेले असले तर गुंत्यासकट. भोकाचा फोटो दोन्ही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून. दोरा निघत असेल तर ओढू नका, त्याच मण्याच्या क्रमांकाच्या वेगळ्या पुडीत ठेवा. अतिनील दिवा धुण्याआधी, नंतर नव्हे. काच की प्लास्टिक हे बघायला गरम सुई टोचू नका. ज्या मण्यात दोरा नाही असा एखादा मिठाच्या संपृक्त पाण्यात सोडा. त्या पाण्याची घनता 1.2 च्या आसपास असते, काचेची अडीच, त्यामुळे काच तळाला जाते आणि नेहमीचं हलकं प्लास्टिक तरंगतं. काच ओलसर, चिकट लागली तर ती आतून बिघडतेय, तिच्यातला अल्कली बाहेर येतोय, आणि तो सुतापेक्षा रेशमाला आणि लोकरीला जास्त खातो, म्हणून तसा मणी कापडापासून जरा दूर. आणि कापड शाबूत असेल तर एकही मणी कापू नका. 'फक्त एक नमुना' म्हणून सुद्धा नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा तांड्यावर गेले. मावशींकडे एक कांचळी अजून आहे, ती विकायची नाही. अंगणात खाटेवर पसरून दुपारभर भिंगाने 61 मणी बघितले, जागेवरच, प्रत्येकाची जागा कागदावर काढून. त्या शेजारी बसून गोंडा दुरुस्त करत होत्या. गळलेल्या मण्याच्या जागी त्यांनी बाजारातला लाल प्लास्टिकचा मणी ओवला, दोऱ्याला मेण लावून, दोनदा. मी विचारलं, काचेचाच का नाही? म्हणाल्या, "हा हलका हाय, दोरा नाही तोडत." मी तो मणी 62 क्रमांकावर लिहून घेतला.